शांब्रेलच्या पुराची रेघ

शांब्रेल, ११ सप्टेंबर २००६

प्रिय आन्सेल्म,

तू मुलीकडे रोस्कॉफला राहायला गेलास त्याला दोन वर्षं झाली. एवढ्या काळात तुझी तीन पत्रं आली, त्यातली दोन नाताळची. सख्खा दीर म्हणून मी गप्प बसले, पण आता तुला कामाला लावायचं ठरवलंय.

पंचायतीनं मला शांब्रेलचा भूगोल आणि इतिहास लिहायला सांगितलाय. चाळीसेक पानांचं छोटं पुस्तक काढायचंय. सरपंच रिव्हो म्हणाले, "मार्सेलीनबाई, तीस वर्षं शाळेत शिकवलंत, तुम्हीच लिहा." मी म्हटलं, मी नदीपलीकडच्या पोर्तीनीची, चालेल का? तर म्हणाले, "एकोणपन्नास वर्षं झाली तुमच्या लग्नाला. आता चालायला हरकत नाही." म्हणजे यांच्या अजून लक्षात आहेच.

भूगोल झाला लिहून, सोबत पाठवतेय. ब्रुएल नदीची दोन वळणं, पांढऱ्या दगडाच्या खाणी (त्यात आता अळंबी पिकते), काठाची कुरणं, तुमच्या आजोबांनी लावलेले पॉपलर. इतिहासात मी १८५६ च्या महापुरापर्यंत आलेय. तिथं असं लिहिलंय: "धुण्याच्या छपरीच्या भिंतीत रेघ कोरलेला एक दगड आहे. पाणी तिथवर चढलं होतं. दर जूनच्या पहिल्या रविवारी, पूरदिवसाला, गावातलं सर्वांत वयस्क माणूस स्टुलावर चढून आपला पेला त्या रेघेला टेकवतं आणि मग सगळं गाव पितं. स्टुलाची ही प्रथा पुरातन आहे." तुम्ही दोघा भावांनीच, तू आणि बास्तियाँनं, ती भिंत नव्यानं बांधली होती, तेव्हा बरोबर आहे का ते सांग.

दुसरी बातमी गोड आहे. खालचा मजला, बास्तियाँची काम करायची जागा, मी एका बेकरी टाकणाऱ्या जोडप्याला द्यायचं म्हणतेय. थिबो आणि नोएमी. जुनी भट्टी अजून शाबूत आहे. नऊ वर्षं आपण गाडीवरून येणारा शिळा पाव चावतोय, आणि तीन वर्षं मी या घरात एकटी माझ्याच पावलांचे आवाज ऐकतेय. ही दोघं आली तर मी इथं राहीन. नाही तर घर विकून वृद्धाश्रमाचा रस्ता धरायचा, दुसरं काय.

त्यांना घर दाखवताना लाज वाटली रे. साऱ्या तालुक्याची घरं बांधणाऱ्या गवंड्याचं घर, आणि दिव्याखाली अंधार. मी मोजली: बास्तियाँनं अर्धवट सोडलेली अकरा कामं आहेत. जिन्याची वरची पायरी अजून चार विटांची. प्रत्येक कामाला त्याचं उत्तर ठरलेलं: "रविवारी करतो." तो गेला तोसुद्धा शनिवारी.

तुझी वहिनी,
मार्सेलीन

*

रोस्कॉफ, २५ सप्टेंबर २००६

वहिनीबाई,

पत्र मिळालं. भूगोल छान जमलाय, पण चुका आहेत. पॉपलर तीस नाहीत, सत्तावीस आहेत. तीन १९३८ च्या वादळात पडले आणि त्यांच्या फळ्यांची नाव झाली. त्या नावेत बसून मी आणि बास्तियाँ पहिल्यांदा पोर्तीनीला आलो होतो. मी चेरी चोरायला. तो कशाला, ते तुला ठाऊक.

(यापुढे चार पानं पॉपलरविषयी आहेत. कोणता कधी लावला, कोणाला कीड लागली, कोणाच्या ढोलीत घुबड होतं. सगळी वाच. हे कोणीतरी लिहून ठेवायला हवं.)

रोस्कॉफची हवा मला मानवलीय. सोलेन काळजी घेते, कांद्याची कोशिंबीर सकाळ-संध्याकाळ. इथं समुद्राचा पूर दिवसातून दोनदा येतो आणि दोनदा जातो. कोणी रेघ कोरत नाही, कोणी पेले टेकवत नाही. मला ही पद्धत बरी वाटायला लागलीय.

बेकरीचं ऐकून आनंद झाला. स्टुलाबद्दल मात्र फार लिहू नकोस. वाचणाऱ्यांना कंटाळा येईल.

आन्सेल्म

*

शांब्रेल, ९ ऑक्टोबर २००६

प्रिय आन्सेल्म,

पॉपलरवर चार पानं आणि पुरावर एक अक्षर नाही. विचारलं शेताचं, सांगितलं बांधाचं. म्हातारा झालायस.

इकडे फार वाईट झालंय. जिल्ह्याच्या कचेरीतून पूरनकाशाचे साहेब आले होते. सज्जन माणूस, बुटांना चिखल लागू न देता चालणारा. नियम असा की नदीकाठच्या घरात नवा धंदा सुरू करायचा तर तळमजल्याची जमीन सर्वांत मोठ्या पुराच्या वर हवी. त्यांनी छपरीतल्या दगडाची रेघ धरली, पाणी भरलेली लांब पारदर्शक नळी लावली आणि माझ्या घरापर्यंत नेली. नळीतलं पाणी कुठं थांबलं माहितीय? माझ्या खालच्या खिडकीच्या मध्यावर. जमिनीच्या पुरता एक मीटर वर.

"मादाम, तुमची भट्टी पुराच्या पोटात आहे," ते म्हणाले आणि अर्जावर नकार लिहिला.

सरपंच रिव्हो शेजारी उभे होते. त्यांना दुःख झालं, खोटं कशाला बोलू. पण साहेबांनी "सबंध खोऱ्यात एवढी उंच रेघ दुसरी नाही" म्हटल्यावर त्यांची छाती जरा फुगलीच.

नोएमी माझ्या स्वयंपाकघरात बसून रडली. दुसऱ्या एका गावात त्यांना दुकान मिळतंय. ईस्टरपर्यंत थांबतील, मग जातील. तू तिथला प्रत्येक दगड हाताळलायस. काही आठवत असेल तर सांग.

मार्सेलीन

*

शांब्रेल, १४ नोव्हेंबर २००६

आन्सेल्म,

पाच आठवडे झाले, उत्तर नाही. मी सोलेनला फोन केला. ती म्हणाली, "बाबा ठणठणीत आहेत, फक्त रोज सकाळी कागद घेऊन बसतात आणि दुपारी चुलीत टाकतात."

मूग गिळून का बसलायस? पॉपलरवरून चिडवलं म्हणून रागावलास का? तसं असेल तर माफ कर. अजून चार पानं पाठव, सगळी छापते.

मार्सेलीन

*

रोस्कॉफ, २२ नोव्हेंबर २००६

मार्सेलीन,

रागावलो नाही. भ्यालोय. मी बास्तियाँला शब्द दिला होता, तो एकोणपन्नास वर्षं पाळला. तो असता तर त्याच्या पाया पडून शब्द परत मागितला असता. तो नाही, म्हणून स्वतःच्याच जबाबदारीवर मोडतोय.

ती रेघ खोटी आहे.

१९५७ च्या वसंतात तो पोर्तीनीला तुझा हात मागायला गेला होता. तुझे वडील, ऑक्ताव नावाडी, दारातच उभे राहिले. मी मागे होतो, प्रत्येक शब्द आठवतो. "शांब्रेल? ज्या गावचा महापूर कोंबडी चालत ओलांडते ते गाव? आमच्या चर्चवरची रेघ बघ, उभ्या माणसाच्या डोक्यावर आहे. तुमची छातीलासुद्धा लागत नाही. असल्या गावात मुलगी कोण देतो?" तुला हे कधी सांगितलं नाही. तुझ्या वडिलांची थट्टाच होती ती बहुधा, पण बास्तियाँ ती मनाला लावूनच परतीच्या नावेत बसला. त्याचे कान लाल झाले होते.

त्याच महिन्यात पंचायतीनं आम्हाला छपरीची पडकी भिंत नव्यानं बांधायला दिली. रेघेचा दगड बाजूला काढून ठेवला होता. बास्तियाँनं भिंत उचलायला घेतली, दगडाची जागा आली, तो पुढे बांधत गेला. मी म्हटलं, "अरे, दगड." तो म्हणाला, "अजून नाही." चार थर वर नेऊन त्यानं तो बसवला. दुपारी बारा ते दोनच्या मध्ये. तुला ठाऊक आहे, त्या वेळात शांब्रेलमध्ये देव जरी आला तरी कोणी ताटावरून उठणार नाही.

तुला वाटेल, गावाला कळलं नाही? सगळ्यांना कळलं. पाद्रीबुवांनी पाहिलं, खोकले, पुढे गेले. पूरदिवसाला म्हाताऱ्या प्रॉस्पेरनं सवयीनं पेला छातीच्या खाली धरला, रेघ सापडेना, वर पाहिलं. मग कोणीतरी मुकाट्यानं गाय दोहायचं स्टूल आणून ठेवलं. झाली तुझी पुरातन प्रथा. ज्यांना माहीत होतं ते बहुतेक एकेक करून गेले, आणि राहिलेल्यांनी ती रेघ खरी मानली.

चार थर म्हणजे एक मीटर आणि वर थोडंसं. खऱ्या रेघेनं मोजलंस तर पाणी तुझ्या उंबऱ्याच्या खालीच थांबतं. साहेबांना हे पत्र दाखव.

त्यानं ते तुझ्यासाठी केलं, आणि तुझ्याशीच जन्मभर लपवलं. तुझं लग्न लबाडीवर उभं आहे असं तुला वाटू नये, एवढीच त्याची भीती होती. आता ती माझी आहे.

आन्सेल्म

*

शांब्रेल, १७ डिसेंबर २००६

आन्सेल्म,

उत्तराला उशीर केला, कारण पहिले दहा दिवस मी रागात होते. तुझ्यावर नाही. त्याच्यावर. सेहेचाळीस पूरदिवस तो माझ्याशेजारी उभा राहिला, पेला उंचावला आणि चेहऱ्यावरची सुरकुतीही हलू दिली नाही. मी शाळेतल्या मुलांना ती रेघ वहीत काढायला लावायची आणि हा दारातून बघत असायचा. त्याचा फोटो मी भिंतीकडे तोंड करून ठेवला.

मग अकराव्या दिवशी पीठ मळताना मला एक गोष्ट आठवली. त्या १९५७ च्या पूरदिवसाला बास्तियाँनं माझ्या वडिलांना मुद्दाम बोलावलं होतं. वडिलांनी स्टूल पाहिलं, रेघ पाहिली, मग सगळे पीत असताना भिंतीजवळ जाऊन दगडाच्या कडेवरून अंगठा फिरवला. अंगठ्याकडे पाहिलं. परतताना नावेत मला म्हणाले, "मार्सेलीन, पोरगा कष्टाळू आहे. हो म्हण." मला वाटलं, भिंतीचं काम आवडलं. आता कळतं, चुना अजून ओला होता.

मी कणकेचे हात तसेच ठेवून जाऊन फोटो सरळ केला.

पण साहेब ऐकत नाहीत. तुझं पत्र त्यांनी दोनदा वाचलं, हसलेसुद्धा. म्हणाले, "मादाम, माझा विश्वास आहे. पण माझ्या कचेरीचा नाही. दिराच्या आठवणीवर नकाशा बदलता येत नाही. त्या वेळचं लेखी काही हवं." पंचायतीच्या जुन्या कागदांत फक्त "भिंत बांधली, काम चांगले" एवढंच आहे. आणि सरपंच रिव्होंनी तर तोंडच फिरवलं. "म्हणजे पोर्तीनीवाले आता आम्हाला हसणार? बाई, पाव गाडीवरचाही खाता येतो."

ईस्टर आठ एप्रिलला आहे. नोएमीनं खोकी आणून ठेवलीत.

मार्सेलीन

*

रोस्कॉफ, ३ जानेवारी २००७

वहिनीबाई,

नाताळभर डोकं खाजवलं. एक गोष्ट आठवतेय, तिचा उपयोग होईल की नाही ते तू ठरव.

आमच्या वडिलांनी आम्हाला काम शिकवताना एक सवय लावली होती. कोणताही दगड बसवण्यापूर्वी त्याच्या आतल्या, न दिसणाऱ्या बाजूवर काहीतरी कोरायचं. वर्ष, आपलं नाव, हवा कशी होती, काहीही. ते म्हणायचे, "पुढची बाजू गिऱ्हाइकाची, मागची बाजू आपली. तिथं खोटं लिहायचं नाही." मी सबंध आयुष्यात फक्त नाव कोरलं. बास्तियाँ लांबलचक लिहायचा.

त्या दुपारी दगड बसवायच्या आधी तो पाठ फिरवून बराच वेळ छिन्नी चालवत होता. मी विचारलं काय लिहितोस, तर म्हणाला, "तुझं काम बघ." चार थरांचं लिहिलं असेल, किंवा नुसतं हवामान. मला खरंच ठाऊक नाही.

दगड काढून बघावा लागेल. मऊ दगड आहे, फुटूही शकतो. फुटला तर गावाची रेघही गेली आणि पुरावाही. पण मी बास्तियाँला ओळखतो. माणसांशी तो खोटं बोलला असेल, दगडाशी बोलला नसेल.

आन्सेल्म

*

शांब्रेल, २ एप्रिल २००७

प्रिय आन्सेल्म,

तीन महिने तुला ताटकळत ठेवलं. शेवट लागल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं. आता सगळं ओळीनं सांगते.

दगड काढायचा की नाही यावर पंचायतीत तीन बैठका झाल्या. रिव्हो म्हणाले, ही रेघ म्हणजे गावाची इज्जत. पाच जण त्यांच्या बाजूला, पाच माझ्या. तिसऱ्या बैठकीला ओलाली आजी काठी टेकत आल्या. ब्याण्णव वर्षांच्या. गेली दहा वर्षं पूरदिवसाला दोघं जण धरून त्यांनाच स्टुलावर चढवतात. त्या म्हणाल्या, "पोरांनो, ते पहिलं स्टूल मी आणलं होतं. आमच्या गोठ्यातलं. गावाची लाज राखायला. देवानं त्याची शिक्षा म्हणून मलाच त्यावर चढायला लावलंय. आता उतरवा मला." मग रिव्होंनी स्वतःच हात वर केला.

थिबोनं दगड काढला. दोन दिवस लागले, कडेनं चुना खरवडत खरवडत, जणू भट्टीतून पहिला पाव काढतोय. साहेब आले होते, अख्खं गाव आलं होतं, पोर्तीनीहूनसुद्धा नावा भरून लोक आले. दगड फुटला नाही. उलटा करून जमिनीवर ठेवला, मी चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचलं.

त्यावर असं आहे:

"मे १९५७. ऊन. खरी रेघ इथून चार थर खाली. ऑक्ताव नावाड्यासाठी वर घेतली. मार्सेलीन हो म्हणाली की रविवारी खाली घेतो. बास्तियाँ."

मग मी हसायला लागले, आणि हसता हसता रडायला लागले, आणि ओलाली आजी शेजारच्याला विचारत राहिल्या, "काय लिहिलंय? काय लिहिलंय?" पोर्तीनीवाले हसले नाहीत, रिव्होंची भीती फुकटच गेली. त्यांच्या सरपंचांनी टोपी काढली आणि म्हणाले, चर्चवरच्या आमच्या रेघेची मागची बाजूही एकदा बघावी लागेल.

साहेबांनी नळी पुन्हा लावली. खरी रेघ माझ्या उंबऱ्याच्या चार बोटं खाली येते. गेल्या मंगळवारी परवानगीचा कागद आला. थिबोनं भट्टी पेटवून पाहिलीय. काल पहाटे मी पलंगावर पडल्या पडल्या खालून पावाचा वास येताना ऐकला, म्हणजे वासाबरोबर त्यांचं बोलणं ऐकलं. नोएमी त्याला रागावत होती, पीठ सांडलं म्हणून. किती बरं वाटलं ते तुला सांगून समजणार नाही.

इतिहासाचं ते पान मी फाडून नव्यानं लिहिलं. स्टुलाचा जन्म, तारखेसकट. तुझे सत्तावीस पॉपलरही घेतलेत.

आता कामाचं. दगड अजून छपरीत जमिनीवर आहे. थिबो म्हणाला, मी बसवतो खाली. मी नको म्हटलं. हे परक्याचं काम नाही. दोघांनी मिळून तो वर नेला होता, एक उरलाय, त्यानं खाली आणायचा. तुझी थापी सोलेनच्या माळ्यावर आहे, तिला फोनवर विचारून घेतलंय. मागच्या बाजूवर तुझंही नाव कोर, जागा आहे.

आणि मी चुकले होते, आन्सेल्म. अर्धवट कामं अकरा नव्हती. बारा होती. हे बारावं सगळ्यांत आधीचं. मी हो म्हणाले, आणि तो बहुधा त्या आनंदात विसरला.

येत्या रविवारी ये. ईस्टर आहे, ताजा पाव आहे. पन्नास वर्षांनी का होईना, बास्तियाँचा रविवार आलाय.

तुझी वहिनी,
मार्सेलीन